साठ रोपांतली सातच का जगली, आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका वसाहतीने तीन पावसाळ्यांत मिळून साठ रोपं लावली, त्यांतली सात उरली. फाटकाजवळचा जुना कडुनिंब शेंड्याकडून वाळत चाललाय. काही सभासद म्हणतात की तो काढून टाकू आणि त्याच्या बदल्यात दहा नवी झाडं लावू. आता पुढे काय करावं, कोणती झाडं लावावीत आणि एवढ्या खटाटोपातून वसाहतीच्या पदरात काय पडणार, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी कडुनिंबाचं बोलू, कारण तो एकदा तोडला की बाकीच्या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

कोवळ्या फांद्यांचे शेंडे भाजल्यासारखे तपकिरी होतात, पानं वाळून तिथेच लोंबतात आणि दुरून झाड मेल्यासारखं दिसतं. भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत हे जास्त दिसतं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि तेलंगणात ठिकठिकाणी कडुनिंबांची अशी अवस्था झाली. काजूवर पडणारा ढेकण्या नावाचा कीटक कडुनिंबाच्या कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो आणि त्या जखमांतून फोमॉप्सिस नावाची बुरशी आत शिरते. दिसायला भयंकर असलं तरी मोठं झाड सहसा यातून सावरतं. जिवंत आहे का ते पाहायचं असेल तर मनगटाएवढ्या जाड फांदीची साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने जराशी खरवडा. आत हिरवट आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. बोटाएवढ्या काड्यांवरून निकाल लावू नका, त्या वाळलेल्याच असणार. गुढीपाडव्यापर्यंत थांबा. बहुतेक झाडं तोवर नवी पालवी घेऊन उभी राहतात.

दरम्यान एक काम हातात घ्या. बुंध्याभोवती काय आहे ते बघा. नव्या वसाहतींमध्ये हमखास पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट थेट खोडाला भिडवलेलं असतं. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. वरून झाकण बसलं की ती गुदमरतात, झाड अशक्त होतं आणि मग साधी बुरशीही त्याला भारी पडते. खोडापासून निदान एक मीटर, जमल्यास दोन मीटरपर्यंतचे ब्लॉक हाताने काढा. तिथे जेसीबी नको आणि टिकावाचे घावही नकोत. मोकळ्या झालेल्या जागेत वाळलेला पाला आणि कुजलेलं शेणखत पसरा, पण खोडाला मातीची भर देऊ नका. मार्च ते मे या काळात, महिन्यातून एकदा, रात्री, पाइप अगदी बारीक सोडून हजार-दीड हजार लिटर पाणी मुरू द्या. हे पाणी बुंध्याशी न सोडता फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या कडेने सोडा. पाणी पिणारी मुळं तिथे आहेत.

एखादी जाड फांदी खरोखर वाळली असेल आणि खाली माणसांची ये-जा असेल तर तेवढीच काढा. त्यासाठी तीन काप घ्यावे लागतात. खोडापासून फूटभर अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने तिसरा हिस्सा कापा. त्याच्या दोन इंच पुढे वरून कापून फांदी पाडा. उरलेलं खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर गळ्याच्या लगत कापा, गळा मात्र शाबूत ठेवा. जखम भरून काढणारी साल त्या गळ्यातूनच येते. एकाच कापात वरून करवत चालवली तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते आणि ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही. कापावर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं चालत नाही, मोरचूद त्याला खातो. डांबर किंवा ऑइलपेंट लावू नका, त्याखाली ओल कोंडते आणि लाकूड आतून कुजतं.

शहरातलं झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज केल्याशिवाय करवत लावता येत नाही. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही कायद्याच्या व्याख्येत तोडण्यातच मोडतं, म्हणून छाटणीआधीही विचारून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला पुरातन वृक्षाचा दर्जा आहे, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची अट आहे. म्हणजे ‘एकाला दहा’ हा हिशोब कायद्यातही बसत नाही.

निसर्गाच्या हिशोबात तर तो मुळीच बसत नाही. कडुनिंबाचा घेर आरपार दहा मीटर धरला तर तो सुमारे ७८ चौरस मीटर जमीन झाकतो. नव्या रोपाचा घेर आरपार अर्धा मीटर, म्हणजे सावली जेमतेम ०.२ चौरस मीटर. दहा रोपांची मिळून दोन चौरस मीटर. त्या एका झाडाची आजची सावली भरून काढायला तशी चारशे रोपं लागतील, आणि ती सगळी जगली तर.

सावली हा झाला अर्धा भाग. पानांतून पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. शंभर लिटर पाणी पानांतून उडालं तर भोवतालच्या हवेतून आणि उन्हातून ६७ युनिट उष्णता खर्ची पडली. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास सलग चालून साधारण तेवढी उष्णता खोलीबाहेर काढतो, आणि काढतो ती शेजारच्या गल्लीत. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो त्या दुपारी कडुनिंबाखाली भाजीची गाडी, रिक्षा आणि कुत्रं एकाच वेळी विसावलेलं असतं, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे. पत्र्याच्या शेडखाली सावली मिळते, पण पत्रा तापून वरून झळ मारतो. पान असं तापत नाही.

कोरड्या मुलखातल्या आपल्या झाडांची आणखी एक करामत बघा. कडुनिंब आणि पिंपळ माघ-फाल्गुनात पानं झाडतात आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाचा थेंब नसताना, नवी पालवी काढतात. चैत्रात ऊन पेटायच्या आत सावली तयार असते. ओल खोलवर असते आणि मुळं तिच्यापर्यंत पोहोचलेली असतात, म्हणून हे साधतं. नव्या रोपाची मुळं तिथवर पोहोचेपर्यंत त्याला सांभाळणं, एवढंच खरं तर आपलं काम आहे. सोलापुरात त्याला तीन उन्हाळे लागतात.

आता त्या त्रेपन्न रोपांकडे येऊ. मुख्य कारण साध्या गुणाकारात आहे. पहिल्या वर्षी एका रोपाला ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे ३६ आठवडे, आठवड्याला २० लिटर पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये चार दिवसांआड द्यावं लागतं. सगळं मिळून एका रोपाचे साधारण ९०० लिटर होतात. साठ रोपं एकदम धरली तर वर्षाला ५४,००० लिटर. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात एवढं पाणी कुठून येणार हे खड्डे घेण्याआधी ठरलेलं नसेल, तर रोपं मरणारच होती. पंचवीस रोपांचं गणित मात्र जमतं: एका फेरीला ५०० लिटर, वर्षाला साडेबावीस हजार. म्हणून रोपं मोजण्याआधी पाणी मोजा. फेरीला २०० लिटरच निघत असेल तर दहाच लावा. दहा लावून दहा जगवलेली वसाहत पाच वर्षांत साठ लावणाऱ्या वसाहतीच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

दुसरं कारण तारखेचं. मृगाची पहिली सर पडली की उत्साहात रोपं लावली जातात. सोलापूरचा पाऊस तसा नाही. जूनमध्ये थोडा येतो, मग दोन-तीन आठवडे दडी मारतो, आणि खरा जोर सप्टेंबरमध्ये, उत्तरा-हस्तात धरतो. मृगात लावलेलं रोप त्या खंडात सुकतं, आणि ‘पावसाळा आहे’ म्हणून त्याला कोणी पाणी घालत नाही. जमीन हातभर खोल ओली झाल्याशिवाय लावू नका. पाणी हाताशी असेल तर जुलै, नसेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य.

खड्डे मात्र एप्रिल-मेमध्येच घ्या आणि उन्हात तापू द्या. दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. खाली मुरूम लागला तर तीन फूट. खड्डा चौकोनी घ्या. गोल आणि गुळगुळीत खड्ड्यात मुळं कुंडीतल्यासारखी फिरत राहतात. भिंतींवर आणि तळाला पहारीने टोचे मारून ठेवा. भरण्याआधी एकदा खड्डा पाण्याने भरून बघा. चोवीस तासांनीही पाणी उभं असेल तर तळ आणखी फोडावा लागेल, नाहीतर सप्टेंबरच्या पावसात मुळं कुजतील. वसाहतीच्या कडेला बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो, तो निघेल तेवढा काढा. सिमेंट-चुन्याने आधीच चुनखडीची असलेली आपली जमीन आणखी अल्कधर्मी होते, आणि मग कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ती लोहाची कमतरता असते. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम, एक लिटर पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

भरताना वरच्या थरातली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. माती निव्वळ काळी आणि चिकट असेल तर तीन-चार घमेली बारीक मुरूम मिसळा. ताजं शेण कधीही घालू नका. ते तापतं आणि वाळवीला आमंत्रण देतं.

रोप घेताना उंचीला भुलू नका. सात फुटी, काठीसारखं रोप स्वस्तात मिळालं तरी त्याची मुळं पिशवीत गुंडाळलेली असतात. अडीच-तीन फुटी, बुडाशी पेन्सिलीहून जाड आणि आधाराशिवाय उभं राहणारं रोप चांगलं. लावताना पिशवी उभी चिरून पूर्ण काढा. हे लिहायची वेळ येते, कारण मेलेलं रोप उपटलं की पुष्कळदा पिशवीसकट वर येतं. तळाची इंचभर माती वेटोळ्या मुळांसकट कापून टाका आणि कडेने गोल फिरलेल्या मुळांना तीन-चार उभे छेद द्या. बुडखा जमिनीच्या पातळीला ठेवा. भरलेली माती पहिल्या पावसात खचते, म्हणून सगळंच दोन इंच उंचावर घेतलं तर बुंध्याशी डबकं होत नाही.

पाणी घालण्याची पद्धतही बदला. रोज तांब्याभर पाणी घातलं की मुळं वरच्या चार बोटांत राहतात, आणि मेमध्ये सगळ्यात जास्त भाजणारा थर तोच. आठवड्यातून एकदा, पण २० लिटर, सावकाश. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर अडीच तास चालले की २० लिटर होतात. ठिबक नसेल तर सहा-सात लिटरचं, भाजलेलं पण चांगलं पाझरणारं मातीचं मडकं रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकणी ठेवा, नाहीतर डास होतात. तीन-चार दिवसांनी भरत राहा. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनने बाहेर सोडलेलं पाणी नुसतं तेच वापरू नका, त्यात क्षार जास्त असतात. मातीवर पांढरा पापुद्रा दिसू लागला तर पाणी खारं आहे असं समजा.

काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात जातो. त्या भेगा कोवळी मुळं ताणून तोडतात आणि गरम वारा आत शिरून खालची ओलही उडवतो. खुरप्याने भेगा बुजवा आणि त्यावर चार इंच पाल्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं लांब. वसाहतीत झाडून जाळला जाणारा पाचोळा इथे सोन्याच्या मोलाचा आहे. आच्छादन नुसतं नीट सांभाळलं तरी पाण्याच्या फेऱ्यांतलं अंतर दोन-तीन दिवसांनी वाढवता येतं.

शेळ्यांसाठी लोखंडी जाळीपेक्षा बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण स्वस्त आणि चोख. जाळी लावलीच तर तिसऱ्या वर्षी काढायची तारीख आजच वहीत लिहून ठेवा. खोडात रुतलेल्या जाळ्या रस्तोरस्ती दिसतात. आधाराला दोन बांबू दोन्ही बाजूंना, आणि कापडी पट्टीची सैल आठच्या आकड्याची गाठ. तार, खिळे आणि रोषणाईच्या माळा झाडाला नकोत.

कोणती झाडं? रस्त्याच्या कडेला कडुनिंब आणि करंज, दोन झाडांत सहा मीटर आणि भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर. करंजाला ऐन उन्हाळ्यात फुलं येतात, तेव्हा मधमाश्यांना दुसरं फारसं काही नसतं. थोड्या जागेत बहावा, आपटा, बेल. विजेच्या तारांखाली पारिजातक, सीताफळ, कुंती. शमी आणि हिवर आपल्या कोरड्या हवेतली अस्सल झाडं, पण काटेरी. मुलं खेळतात तिथे नकोत, कुंपणाला हवीत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात तो आधी आडवा होतो. आहेत ते तोडू नका, पण नवे पार्किंगजवळ लावू नका. झटपट हिरव्या भिंतीसाठी विकला जाणारा कॉनोकार्पस तर नकोच. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

मोकळ्या भूखंडात, इमारतीपासून बारा मीटरवर, एक उंबर मात्र जरूर लावा. फार पाणी देणं शक्य नसेल तर त्याऐवजी पिंपळ किंवा वड. उंबराचं पिकलं फळ फोडून मुलांना दाखवा. ते फळ म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छ. टोकाशी खवल्यांनी बंद केलेलं बारीक भोक असतं. मुंगीहूनही लहान गांधीलमाशीची मादी त्यातून घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती परागीकरण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखाचे. ते माद्यांशी मीलन करून भोक पाडून देतात, आणि पंखवाल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. त्या माद्यांना दर काही आठवड्यांनी कुठेतरी तयार फळ लागतं, म्हणून परिसरातल्या उंबरांपैकी कुठला ना कुठला वर्षभर फळत असतो. त्याच्यावर तांबट, कोकीळ, बुलबुल आणि वटवाघळं ऐन उन्हाळ्यातही जगतात. वड आणि पिंपळाचीही अशीच आपापली गांधीलमाशी आहे. वटपौर्णिमेला फांद्या तोडून घरी आणण्याऐवजी झाडापाशी जाऊन पूजा करणं एवढ्यासाठी महत्त्वाचं, की ओरबाडलेल्या फांदीवरची पुढची फळंही जातात.

वसाहतीत अनेकांची शेती मोहोळ, बार्शीकडे असते, म्हणून जाता जाता सांगतो. ‘बांधावरच्या कडुनिंब-बाभळीमुळे उसात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते’ म्हणून ती झाडं तोडली जातात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी या झाडांवर पाला खायला जमतात, हे खरं. पण म्हणूनच ती झाडं सापळ्याचं काम करतात. साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एक मादी मारली म्हणजे तिची पुढची सगळी अंडी गेली. झाड तोडलं तर भुंगेरे शेजारच्या बांधावर जातात आणि तुमच्या हातून सापळा जातो.

वसाहतीबाहेरच्या ‘ओसाड’ माळावर झाडं लावायची कल्पना कोणी मांडली तर थांबवा. सोलापूरचा माळ हा गवताळ प्रदेश आहे, काळवीट, लांडगा आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांचं घर. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये याच गवतासाठी आणि त्यातल्या माळढोक पक्ष्यासाठी झालं. माळढोक जमिनीवर अंडं घालतो आणि त्याला लांबवर मोकळं दिसावं लागतं. तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभळीच्या रांगा उभ्या करणं म्हणजे त्याचं घर मोडणं. झाडं रस्त्याकडेला, अंगणात, शाळेत, ओढ्याकाठी लावा.

लावलेल्या रोपांचं दुसरं वर्ष थोडं सोपं असतं. १२ दिवसांनी ४० लिटर, तिसऱ्या वर्षी तीन आठवड्यांनी ६० लिटर. दुसऱ्या वर्षी एकूण पाणी जवळपास तेवढंच लागतं, तिसऱ्या वर्षी थोडं कमी, फेऱ्या मात्र निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. दर वर्षी आळं फूटभर बाहेर सरकवा, म्हणजे मुळंही बाहेर आणि खाली जातात. चौथ्या उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीत, लोखंडी सळई आळ्याच्या कडेला दोन फूट खोल घाला आणि वर काढून बघा. टोकाला ओल चिकटली असेल आणि झाडाने नवी पालवी वेळेवर काढली असेल तर त्या झाडाचं पाणी बंद करा. सळई कोरडी आली किंवा दोन फुटांपर्यंत गेलीच नाही, तर अजून एक उन्हाळा त्याला ६० लिटर चालू ठेवा.